ऐतिहासिक कादंबरीतले प्रेम मनाला भिडते, आजच्या कादंबरीतले का भिडत नाही?

मलप्रभा (खानापूर)

नमस्कार मंडळी.

गेला पंधरवडा आमच्याकडे पावसाने उसंत दिली नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या या खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांत वीज किती वेळ असते हे सांगायला नको. कंदिलाच्या उजेडात मी दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. पहिली रणजित देसाई यांची ‘स्वामी’, जी कितव्यांदा वाचली हे आता मी मोजत नाही. दुसरी अलीकडची, पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या दोघांच्या प्रेमाची. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्या एका पुस्तकाबद्दल नाही.

‘स्वामी’चा शेवट पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतो. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे होणार, क्षय त्यांना आतून पोखरणार आणि १७७२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते थेऊरच्या गणपतीपाशी देह ठेवणार. हे सगळे माहीत असूनही शेवटची पन्नास पाने मी थांबून थांबून वाचते, जणू माझ्या हळू वाचण्याने रमाबाईंचे चार दिवस वाढणार आहेत. उलट त्या नव्या कादंबरीतले दोघे शिकलेले, कमावते, स्वतःच्या घरात राहणारे. कोणाची आडकाठी नाही, कोणाचा धाक नाही. तरी दोनशे पाने झाली तरी एकमेकांकडून काय हवे आहे ते त्यांना उमगत नाही, आणि अखेर ते वेगळे झाले तेव्हा मला जराही हळहळ वाटली नाही.

हे माझ्या वयामुळे होते का, की भाषेमुळे, की लिहिणाऱ्याच्या हातातच काही फरक आहे? आपापला अनुभव सांगावा, आणि मन गुंतेल अशा समकालीन प्रेमकादंबऱ्या ठाऊक असतील तर त्यांची नावेही द्यावीत.

शहापूरकर

ताई, तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला. माझे उत्तर असे आहे की प्रेमकथेत प्रेमापेक्षा त्याच्या आड येणारी गोष्ट जास्त खरी असावी लागते. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये बाजीराव आणि मस्तानी यांच्या आड एखादा खलपुरुष नाही, आड आहे ती सारी पुण्यनगरी. घरातली आई आहे, सख्खा भाऊ आहे, पंगतीचे आणि सोवळ्याचे नियम आहेत, मस्तानीच्या मुलाची मुंज करायला नकार देणारा ब्रह्मवृंद आहे. यांतला प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर आहे असे त्याला मनापासून वाटते. रणांगणावर अजिंक्य असलेला माणूस स्वतःच्या घरात हरतो, आणि १७४० मध्ये तो नर्मदेकाठी रावेरखेडीला प्राण सोडतो तेव्हा मस्तानी त्याच्याजवळ नसते. हे वाचताना छाती भरून येते ती आड आलेल्या माणसांच्या वजनामुळे.

आजच्या लेखकाला ते वजन आयते मिळत नाही, त्याला ते स्वतः उभे करावे लागते. हे काम अवघड आहे आणि बरेच जण ते टाळतात.

चिकोडीची (सध्या पुणे)

मलप्रभाताई, मी तुमच्या लेकीच्या वयाची असेन, म्हणून आदराने पण स्पष्टपणे असहमती नोंदवते. स्वतःचे घर आहे म्हणजे मोकळीक आहे, असे नसते. मी चिकोडीहून पुण्याला आले त्याला नऊ वर्षे झाली. माझ्या स्वयंपाकघरात मीच मालकीण आहे, पण रोज रात्री नऊ वाजता फोनवर आई “जेवलीस का?” एवढेच विचारते, आणि त्या दोन शब्दांच्या मागे “एकटीच जेवलीस ना?” हा दुसरा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. आमच्या पिढीच्या आड येणारी माणसे दिवाणखान्यात बसलेली नसतात. ती आमच्या डोक्यात बिऱ्हाड करून राहिलेली असतात. हे ज्या लेखकाला दाखवता येत नाही त्याची कादंबरी पोकळ वाटते, हे मान्य. पण गौरी देशपांडे यांचे ‘एकेक पान गळावया’ किंवा मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ वाचून पाहा. तिथली बाई प्रेमही मागते आणि स्वतःलाही सोडायला तयार नसते. या दोन मागण्या एकाच घरात नांदू शकत नाहीत असे तिला दिवसागणिक कळत जाते, आणि ते कळणे वाचणाऱ्यालाही सोसावे लागते.

वेणुग्राम

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. या विषयावर माझे म्हणणे थोडे कडू लागेल, तरी मांडतो.

ज्याला आपण ऐतिहासिक प्रेम म्हणतो, ते पुष्कळदा त्या काळाचे नसते. ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्यातले पती-पत्नी एकमेकांशी ज्या हळुवारपणे बोलतात, एकमेकांचे मन ज्या तऱ्हेने जाणून घेतात, ती विसाव्या शतकाच्या मध्यावर सुशिक्षित मराठी घरांनी मनात धरलेली सहजीवनाची कल्पना आहे. अठराव्या शतकातल्या वाड्यात लहानपणी लग्न झालेल्या मुलामुलींचा एकांत कसा असे, याविषयी कागदपत्रे फारसे बोलत नाहीत. ती बोलतात कर्जाविषयी, राघोबादादांच्या कारवायांविषयी, निजामाविषयी आणि म्हैसूरच्या हैदरअलीविषयी.

आता हैदरचे नाव निघाले आहे तर आपल्या मुलखाचीही एक गोष्ट सांगतो. माधवरावांच्या कर्नाटक मोहिमा याच भागातून गेल्या. १७६४ मध्ये रट्टीहळ्ळीला त्यांनी हैदरचा पराभव केला. पुढे धारवाडही घेतले. पुण्यात रमाबाई ज्या विरहात दिवस काढत होत्या असे आपण कादंबरीत वाचतो, त्या विरहाचे दुसरे टोक आपल्या नद्यांच्या काठी, चिखलात रुतलेल्या तोफांपाशी होते. मलप्रभा नदीचे नाव घेऊन लिहिणाऱ्या ताईंना हे ठाऊक असावे असे वाटले.

मलप्रभा (खानापूर)

सर, हे मला ठाऊक नव्हते. खिडकीतून नदीचे गढूळ पाणी दिसते आहे आणि तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मात्र एक विचारते: लेखकाने आपल्या काळाची कल्पना मागे नेली, यात वाचकाची फसवणूक आहे असे तुम्ही म्हणता का?

वेणुग्राम

फसवणूक नाही. पण ते चित्र आहे, आरसा नव्हे, एवढे भान असावे.

वडगावची सून

माझ्या सासूबाईंविषयी लिहिते, म्हणजे माझा मुद्दा कळेल.

आमच्या घरी माग होता. सासूबाई दुपारी मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायला बसत. डाव्या गुडघ्याखाली उघडे पुस्तक, पान उडू नये म्हणून त्यावर भरलेल्या कांड्यांची लहान टोपली, आणि हात चरख्यावर. पान उलटायची वेळ आली की चरखा थांबे. त्या आवाजावरून गोष्ट कुठे रंगली आहे ते मला चुलीपाशी कळे. योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तके वाचनालयातून आठवड्याला दोन या हिशेबाने येत. खुणेसाठी कागद नसे, रेशमाचा उरलेला धागा असे. त्या गेल्यानंतर त्यांच्या पेटीत एक जुनी कादंबरी मिळाली, तीत सात रंगांचे सात धागे होते. ज्या पानांवर परत यावेसे वाटले ती पाने त्यांनी तशीच खुणेची ठेवली होती.

ती सातही पाने मी वाचली. एकातही मोठा प्रसंग नाही. एका पानावर नायिका नवऱ्याच्या पत्राची वाट पाहते आणि पोस्टमन शेजारच्या घरी थांबतो. दुसऱ्या पानावर दोघे भाड्याच्या दोन खोल्यांत पडदा कुठे लावायचा यावर बोलतात. ज्या बाईला एकत्र कुटुंबात आयुष्यभर दाराला कडी लावता आली नाही, तिने त्या पडद्याच्या पानाला हिरवा धागा लावला होता.

या कादंबऱ्यांना त्या काळी समीक्षकांनी फार मान दिला नाही. पण माझे म्हणणे असे की त्या लिहिल्या गेल्या तेव्हा समकालीन होत्या आणि आज ऐतिहासिक झाल्या आहेत. ट्रंककॉल, रॉकेलची रांग, अंतर्देशीय पत्राच्या आतल्या घडीवर लिहिलेल्या शेवटच्या दोन ओळी, हे सगळे आता तिथेच उरले आहे. वेणुग्राम सरांना कागदपत्रांत बायकांचा एकांत सापडत नाही. पुढच्या इतिहासकाराला आमच्या सासूबाईंच्या पिढीचा एकांत या पुस्तकांत सापडेल.

शहापूरकर

वहिनी, हिरव्या धाग्याच्या त्या पानाला नमस्कार.

गणपत गल्ली

वडगावच्या वहिनींनी फार मोलाचे लिहिले आहे. त्याला जोडून एक गोष्ट नोंदवतो, कारण आपल्याच लोकांना ती ठाऊक नसते. ज्या दोन प्रवाहांविषयी ही चर्चा चालली आहे, त्या दोन्हींचा उगम बेळगावच्या माणसांपाशी आहे.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी यांनी लिहिली, आणि त्यांचा जन्म बेळगावचा. ती त्यांच्या काळाचीच, म्हणजे समकालीन गोष्ट होती. विधवांचे हाल दाखवत ती पुढे जाते, नायिका यमुना स्वतः विधवा होते आणि अखेर पुनर्विवाह करते. तो ख्रिस्ती धर्माच्या आश्रयाने होतो आणि लेखकाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. पण विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे फक्त एक वर्ष आधीचा, हे लक्षात घेतले तर त्या शेवटाचे धाडस कळते.

दुसरीकडे ‘मोचनगड’, १८७१, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर, जन्म जांबोटीचा. खानापूरहून चोर्ल्याकडे जाणारा प्रत्येक जण जांबोटीला चहाला थांबतो. आपण कोणाच्या गावात उभे आहोत हे मात्र तिथे कोणतीही पाटी सांगत नाही असे मला तरी आढळले. ‘मोचनगड’चे वेगळेपण असे की शिवकाळ खरा, पण मुख्य पात्रे कल्पित आहेत.

निपाणीकर

आणि १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळे आपण ते संमेलन लक्षात ठेवतो, पण माडखोलकर हे राजकारण आणि प्रणय एकत्र गुंफणारे कादंबरीकार होते, हे विसरतो.

कॅम्पातली वाचक

मी बेळगावच्या कॅम्पात वाढले आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझे वाचन दुसऱ्या वाटेने झाले. आमच्या वर्गात मिल्स अँड बूनची पुस्तके वहीच्या आत दडवून फिरत. १९०८ साली सुरू झालेले ते लंडनचे प्रकाशन पुढे फक्त प्रेमकथांसाठी ओळखले जाऊ लागले. नंतर मी जॉर्जेट हेयर हिच्याकडे वळले. तिच्या बऱ्याच कादंबऱ्या इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे १८११ ते १८२० च्या आसपास, घडतात. पोशाख, घोडागाड्या, बोलण्याच्या लकबी यांचा तिने इतका बारकाईने अभ्यास केला होता की तो काळ डोळ्यांसमोर चालू लागतो.

‘मोचनगड’विषयी वाचले आणि दोन भाषांतला फरक माझ्या ध्यानात आला. इंग्रजीत ऐतिहासिक प्रेमकादंबरी म्हटले की काळ खरा असतो, पण नायक-नायिका बहुधा कल्पित असतात. त्यामुळे त्यांचे लग्न होऊ शकते, त्यांना सुख मिळू शकते. किंबहुना शेवट गोड असला पाहिजे हा त्या प्रकाराचा अलिखित करारच आहे. मराठीत आपण खऱ्या व्यक्ती घेतो. माधवराव आणि रमाबाई म्हटले की थेऊर, बाजीराव आणि मस्तानी म्हटले की रावेरखेडी, सदाशिवरावभाऊ आणि पार्वतीबाई म्हटले की पानिपत. शेवट इतिहासाने आधीच लिहून ठेवलेला असतो. मलप्रभाताईंना जी ओढ वाटते ती प्रेमाची आहे की मृत्यूची, हे एकदा तपासून पाहावे असे मी सुचवीन. नव्या कादंबरीतल्या दोघांपैकी एक जण क्षयाने जाणार असता, तर तीही हळू वाचावीशी वाटली असती.

मलप्रभा (खानापूर)

तुमचा प्रश्न मला झोंबला. त्यात तथ्य आहे, म्हणूनच झोंबला. उत्तर द्यायला एक दिवस मागून घेते.

बैलहोंगलचा वाचक

माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी मी बेळगावात कॉलेजला असताना मित्रांकडून शिकलो. चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

आमच्याकडे ही वाटणी वेगळी आहे. के. व्ही. अय्यर यांची ‘शांतला’ होयसळ राणीची गोष्ट सांगते, ती आमच्या घरी आजीपासून सर्वांनी वाचली. पण मनावर ठसा उमटवला तो त्रिवेणी यांनी. १९६३ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आत त्या गेल्या, आणि तेवढ्या आयुष्यात त्यांनी बायकांच्या मनाच्या तळाशी जाऊन लिहिले. ‘शरपंजर’मधली बाई मनाच्या आजारातून बरी होऊन घरी येते आणि नवरा तिला पूर्वीसारखी जवळ करत नाही. मारझोड नाही, आरडाओरडा नाही; फक्त एक अंतर. शहापूरकर सर ज्या वजनाविषयी लिहितात ते या अंतरात आहे.

मराठी वाचकांसाठी भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ आहेच. तिचा अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णी यांचे माहेर बेळगाव, हे तुम्हाला अभिमानाने सांगतो. तरुण विधवा कात्यायनी शिकायला बाहेर पडते, प्रेमात पडते, लग्न करते आणि लहान मुलगा मात्र सासऱ्यांच्या घरी राहतो. सासरे श्रोत्री दुष्ट नाहीत, उलट पुस्तकातले सर्वांत थोर माणूस तेच आहेत. आता सांगा, वाचणाऱ्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे? मी पहिल्यांदा वाचली तेव्हा विशीत होतो आणि कात्यायनीच्या बाजूने होतो. मुलगा झाल्यावर पुन्हा वाचली आणि कोणाच्याच बाजूने उभे राहता आले नाही.

शहापूरकर

मराठीत एकही चूक नाही, सर. माझ्या घरी ‘वंशवृक्ष’ची अनुवादित प्रत आहे, तुमच्यामुळे ती आज पुन्हा खाली काढली.

हलशीकर

थोडे विषयांतर होते आहे, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी शाळकरी असताना प्रेमकादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप असे. वडीलधाऱ्यांची चिठ्ठी आणली तरच ग्रंथपाल किल्ली काढत. मुलींना तर चिठ्ठी आणूनही पुस्तक मिळत नसे. माझ्या थोरल्या बहिणीला तिथून एकदा हात हलवत परत यावे लागले; तिने मागितलेली कादंबरी खांडेकरांची होती, यात सगळे आले. त्यानंतर ती त्या वाचनालयात कधी गेली नाही. आज ती साठीला आली आहे आणि अजून तो दिवस सांगताना तिचा आवाज बदलतो.

गणपत गल्ली

हलशीकर, ती भीती तेव्हा सगळीकडे होती. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. एका प्रेमकथेला निर्दोष ठरायला सात वर्षे लागली. तुमच्या भगिनींच्या दुःखाला अर्थात कोणत्याही न्यायालयाने न्याय दिला नाही.

चिकोडीची (सध्या पुणे)

हलशीकर काका, ताईंना माझा नमस्कार सांगा. त्या अजूनही वाचत असतील तर विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ त्यांच्या हाती द्या. १९३४ ची आहे. नवऱ्यापासून दूर झालेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि पुन्हा लग्न करण्याची वाट तिला कायद्यात नाही. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. म्हणजे ती कादंबरी प्रसिद्ध झाली त्यानंतर तेरा वर्षे आपल्या आज्या-पणज्यांपैकी कोणालाही कायद्याचा तो दरवाजा उघडा नव्हता. मलप्रभाताईंना जड अडथळा हवा आहे ना, तो इथे आहे, आणि समकालीन लेखिकेने तो स्वतःच्या काळात उभे राहून लिहिला आहे.

कॅम्पातली वाचक

ही मी वाचलेली नाही. नाव टिपून घेतले.

मलप्रभा (खानापूर)

एक दिवस मागितला होता, दोन झाले.

कॅम्पातल्या ताईंनी विचारले होते की मला ओढ प्रेमाची आहे की मृत्यूची. मी काल ‘स्वामी’ची शेवटची पाने पुन्हा उघडली. माझी सोळा वर्षांची मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने मला डोळे पुसताना पाहिले आणि काय झाले ते विचारले. मी सांगितले, माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. तिने पेन खाली ठेवले आणि विचारले, “आई, तिला कोणी थांब म्हटले का?” मी म्हटले, बहुतेक म्हटले असेल. मग तिने विचारले, “आणि तिने त्याचे ऐकायला हवे होते, असे तुला वाटते का?”

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी ते पान रडत वाचले, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. लेखकाने इतके सुंदर लिहिले आहे की प्रश्नाला जागाच उरली नाही, असे आता वाटते.

वेणुग्राम

आपल्या कन्येने मी पस्तीस वर्षांत वर्गात जे शिकवायला हवे होते ते दोन वाक्यांत विचारले.

सतीबंदीचा कायदा बंगाल इलाख्यात १८२९ मध्ये आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात झाला. रमाबाईंच्या वेळी त्याला साठ वर्षांहून कमी काळ उरला होता. एखाद्या बाईने अग्नीत जाणे हा प्रेमाचा कळस म्हणून वाचणे आपण आता थांबवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कादंबरी वाचू नये असे मी म्हणत नाही. ती जरूर वाचावी, पण थेऊरचे पान मुलांसमोर वाचताना त्या प्रश्नासकट वाचावे.

कॅम्पातल्या ताईंचा मुद्दाही मी मान्य करतो. खऱ्या व्यक्ती घेतल्या की लेखकाचे हात बांधले जातात. आपल्या भागाचा इतिहास घेऊन कल्पित, साध्या माणसांची गोष्ट कोणी लिहील तर मी पदरची टिपणे द्यायला तयार आहे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि लागून असलेले बेळगाव ब्रिटिश अंमलाखाली. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले की राज्य बदलत असे. त्या हद्दीच्या अल्याड एक विणकर आणि पल्याड कॅम्पातल्या कचेरीतला एखादा कारकून असेल, त्यांच्या घरच्यांची ये-जा असेल. प्रेमाला आणखी काय हवे?

वडगावची सून

सर, विणकराकडे मुलगी असू द्या. नायिकेला कांड्या भरता आल्या पाहिजेत.

तांब्रपर्णी

आमचे गाव कोवाडच्या बाजूला आहे, चंदगड तालुक्यात. रणजित देसाई कोवाडचे. लहानपणी आम्ही त्यांच्या वाड्यावरून शाळेत जात असू. पेशव्यांच्या वाड्यातल्या सावल्या आणि शांतता त्यांनी लिहिली, ती ताम्रपर्णीच्या काठच्या आमच्या घरांत मला आजही दिसते. जाड भिंती, काळोखी माजघर आणि त्यात एकाच कवडशात तांदूळ निवडणाऱ्या बायका. वेणुग्राम सर म्हणतात तसे ते अठराव्या शतकाचे चित्र नसेल, पण ते आमच्या भागाचे खरे चित्र आहे.

निपाणीकर

आता समकालीन बाजूने माझे मागणे. मी निपाणीचा. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळून आयुष्य काढलेल्या बायकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या प्रेमाविषयी कोणी लिहिते का? दिवसाला विड्या किती झाल्या हे मोजणाऱ्या बोटांनी त्या कोणाला चिठ्ठी लिहीत असतील, हे मला वाचायचे आहे.

आणि दुसरे, आपल्या सीमाभागाचे. माझ्या धाकट्या भावाचे लग्न कन्नड घरातल्या मुलीशी झाले. दोन्ही घरांनी दोन वर्षे अबोला धरला. आता दोघांचे असे आहे की ती रागावली की कन्नडमध्ये बोलते आणि तो गप्प ऐकतो. तो रागावला की मराठीत बोलतो आणि ती गप्प ऐकते. समेट मात्र नेहमी दुसऱ्याच्या भाषेत होतो. तो “ऊट माडिदिया?” (जेवलीस का?) असे विचारतो आणि ती “भूक नाही, पण बसते” असे म्हणते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुण्याच्या सदनिकेतले प्रेम मला परके वाटते ते याचमुळे. आमच्या ओट्यावरचे प्रेम अजून मला कोणत्याही पुस्तकात भेटलेले नाही.

बैलहोंगलचा वाचक

निपाणीकर, तुमच्या वहिनींना सांगा, “ऊट माडिदिया” याला “आयतु, नीवु माडि” (झाले, तुम्ही जेवा) असे उत्तर देऊन पाहावे. मग भाऊ काय करतो ते आम्हाला कळवा.

मीही अशी कादंबरी शोधतो आहे, कन्नडमध्ये आणि मराठीत. मिळाली तर दोन्हींकडे सांगीन.

मलप्रभा (खानापूर)

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येते. मी म्हटले होते की आजच्या कादंबरीतले प्रेम भिडत नाही. आता तसे म्हणणार नाही. ज्या कादंबरीत माणसांच्या भोवतीचे घर, रस्ता, भाषा आणि स्वयंपाक दिसत नाही, तिच्यातले प्रेम मला भिडत नाही, मग ती कोणत्याही काळाची असो. रणजित देसाईंनी वाडा दाखवला, वडगावच्या सासूबाईंच्या लेखिकांनी दोन खोल्या आणि पडदा दाखवला, निपाणीकरांनी चार ओळींत ओटा दाखवला. त्या पुण्याच्या पुस्तकात दोघे कुठल्या गावाहून आले हेसुद्धा मला दोनशे पानांत कळले नव्हते. चिकोडीच्या मुलीच्या आईचा नऊ वाजताचा फोन त्यात असता, तर मी तेही हळू वाचले असते.

काल पावसाने उघडीप दिली म्हणून मी बेळगावला गेले होते. तिथल्या वाचनालयात ‘हिंदोळ्यावर’ची प्रत मिळाली. पुठ्ठा नवा घातलेला आहे, पण आतली पाने जुनी, कडा तपकिरी. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर गेल्या अकरा वर्षांत एकही शिक्का नाही. पंचेचाळिसाव्या पानावर समासात कोणी पेन्सिलीने बारीक अक्षरात “हेच” एवढे लिहिले आहे. कोणाचे अक्षर, कोणत्या साली, काही कळत नाही. मुलीने माझ्याआधी वाचायला घेतली आहे.

हलशीकर

पंधरा दिवसांनी परत कराल तेव्हा कृपया इथे कळवा. माझ्या बहिणीला घेऊन मी स्वतः येईन, आणि पुस्तक तिच्याच नावावर घेऊ.